एक हाड कमी

एक हाड कमी होतं.

सुनेने ताटलीतली हाडं पुन्हा ओट्यावर मांडली. काल सुट्टीच्या जेवणाला अख्खी कोंबडी भाजली होती. पाहुण्यांनी भरपूर ताव मारूनही छातीचा एक भाग, एक तंगडी आणि पाठीचा सांगाडा उरला. तंगडीच्या खालच्या भागात दोन हाडं असतात. एक जाड, ते कुणालाही दिसतं. त्याला चिकटून दुसरं असतं, दाभणासारखं बारीक आणि टोकदार. जाड हाड समोर होतं. बारीक हाडाचा पत्ता नव्हता.

ती ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. पेशंटचं पोट शिवायच्या आधी सुया, चिमटे, कापसाचे बोळे मोजायचे आणि ‘पूर्ण’ म्हणायचं, हे तिचं काम. तिने पूर्ण म्हटल्याशिवाय भले भले सर्जन टाका घालत नसत. सोळा वर्षांत तिची मोजणी एकदाही चुकली नव्हती. घरातही ती चमचे मोजून ठेवायची, सासऱ्यांच्या गोळ्या दोनदा मोजून द्यायची. नवरा तिला ‘मोजणी खातं’ म्हणून चिडवायचा, आणि ती ते कौतुक समजायची.

आज मात्र मोजायच्या आधीच तिने सगळं शिवून टाकलं होतं. यायला उशीर होईल असं सांगायला नवऱ्याचा फोन आला. तो खांद्याने कानाशी दाबून धरत तिने सोललेलं मांस पांढऱ्या सॉसमध्ये लोटलं, पास्ता घालून ढवळलं, वर चीज किसलं, आणि सासू-सासऱ्यांना वाढून टाकलं. हाडं मोजायचं राहिलं ते राहिलंच. आता सूपसाठी हाडं उकळत टाकताना हाताला सवयीने मोजायची आठवण झाली.

बाहेरच्या खोलीतून चमच्याचा आवाज आला. सासरे जेवायला लागले होते.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी तिने भरवलेला घास त्यांच्या घशात अडकला. ते निळे पडले. तो घास तिनेच काढला, पण त्या दोन मिनिटांत तिला जी भीती वाटली ती थिएटरात कधी वाटली नव्हती. तेव्हापासून सासऱ्यांचं सगळं जेवण मिक्सरमधून जायचं. मऊ जेवण सुरू करा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगून झालं. पुढच्या आठवड्यात बघू, असं ती प्रत्येक आठवड्यात म्हणायची. काल मात्र सगळे कोंबडीवर तुटून पडलेले असताना सासरे वाटीतला करडा लगदा ढवळत बसलेले तिने पाहिले, आणि तिला ते बघवेना. म्हणून आजचा हा पास्ता. पाकिटावर लिहिलं होतं त्याहून चार मिनिटं जास्त उकडलेला, चमचा टेकवला तरी मोडणारा.

ती धावत बाहेर आली.

“बाबा, थांबा. गिळू नका.”

सासऱ्यांनी वर पाहिलं. त्यांचा एक गाल फुगला होता. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ओठ घट्ट मिटले.

“तोंड उघडा. त्यात हाड आहे.”

त्यांनी मान हलवली. नाही. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने जबडा धरला, गालात बोट घालायला गेली, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आता निळे पडणार, तिला वाटलं. पुन्हा माझ्याच हातून.

“सोड त्यांना,” समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं जेवण शांतपणे चालू होतं.

“आई, तंगडीतलं बारीक हाड नाहीये. मी मोजलंय.”

“ते कचऱ्यात आहे.”

“कचऱ्यात कसं जाईल?”

“मी टाकलं. काल तू पाहुण्यांना सोडायला खाली गेलीस, तेव्हा ह्यांना तंगडीचे चार घास भरवले. आधी ते टोचरं हाड ओढून काढलं, कागदात गुंडाळलं, मगच भरवलं. मला पण काळजी आहे त्यांची.”

सून खुर्चीत मटकन बसली. जीव भांड्यात पडला, आणि लगेच संतापही आला.

“आणि अडकलं असतं तर?”

“दीड महिना झाला,” सासूबाई म्हणाल्या. “तू ड्यूटीला गेलीस की आम्ही एकाच ताटात जेवतो. भात खातात, भाजी खातात, परवा अख्खं अंडं खाल्लं. साधा ठसका लागलेला नाही.”

सासऱ्यांनी आता कुठे तोंडातला घास सावकाश चावला आणि गिळला. मग डाव्या हाताने ताटली ओढली आणि पोटाशी धरून ठेवली. सुनेवरची नजर त्यांनी हलवली नाही.

“दीड महिना,” ती म्हणाली. “मग मला सांगितलं का नाही?”

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, सांग म्हणून.

“तुझी भीती वाटते गं,” सासूबाई म्हणाल्या, “आम्हा दोघांनाही.”