नात्यातली नोंद

पासवर्ड बरोबर होता. ताईनं एकेक अक्षर बघून तो पुन्हा टाकला, तरी पडद्यावर तेच उमटलं. तुमचे संपादकाचे अधिकार काढून घेण्यात आले आहेत. खाली कारण: नातेवाईकाच्या फायद्यासाठी पदाचा गैरवापर.

"गैरवापर? मी?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की नवरा इस्त्री अर्धवट टाकून धावत आला.

दिवसा ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि संध्याकाळी वेबसाइटच्या एका सूचीचं काम. इंटरनेटवरची ही भलीमोठी सूची हौशी माणसंच चालवायची. कुठली वेबसाइट कुठल्या विभागात लावायची आणि कुठली लावायची नाही, हे संपादक ठरवायचे. पगार दमडीचा नाही. नवरा म्हणायचा, "बिनपगारी नोकरी, वर डोकेदुखी मोफत." पण सूचीत नाव दिसलं की लांबलांबची गिऱ्हाइकं फोन करतात, हे ताईला माहीत होतं. म्हणून प्रत्येक वेबसाइट ती लॅबमधल्या नमुन्यासारखी तपासायची. नमुना कुणाचा, हे न बघता.

तिच्याकडे आणि आणखी एका संपादकाकडे मिळून शिलाई मशीनचा विभाग होता. तिचा धाकटा भाऊ जुन्या शिलाई मशीन दुरुस्त करायचा. हात सोन्यासारखा, गिऱ्हाईक बेताचं. त्याची वेबसाइट ताईच्या नवऱ्यानंच करून दिली होती.

"लाव ना ताई. एक बटण तर दाबायचंय," भाऊ म्हणाला होता.

"तेच मला दाबता येत नाही. नात्यातल्याचं दुसऱ्या संपादकानं बघायचं असतं."

"सगळ्या जगाची कामं करतेस आणि मला नियम सांगतेस!"

तिनं 'यावर मी निर्णय देणं योग्य नाही' एवढाच शेरा लिहून ती वेबसाइट दुसऱ्या संपादकाकडे सरकवली. तो दुसरा संपादक म्हणजे नव्या मशीनचं मोठं शोरूम चालवणारे एक गृहस्थ. तिथे वेबसाइट तशीच पडून राहिली. उन्हाळा गेला, थंडी आली. भावानं दुकानाचा पुढचा भाग मोबाइलवाल्याला भाड्यानं दिला आणि स्वतः मशीन घेऊन मागच्या अंधारात सरकला. ताईच्या घरी येणंही त्यानं सोडलं.

मग ताईच्या लक्षात आलं की हे एकट्या भावाचं दुखणं नाही. ती एखाद्या दुरुस्तीवाल्याचं नाव लावायची आणि काही दिवसांत ते गायब व्हायचं. शेरा ठरलेला: माहिती अपुरी. शोरूमवाल्यांचं दुकान मात्र वेगवेगळी नावं घेऊन चार ठिकाणी झळकत होतं. बरोबरच होतं. जुनी मशीन चालू झाली, तर नवी कोण घेणार? तिनं त्यांना सरळ विचारलं. उत्तर आलं, "विभाग नीटनेटका ठेवतोय. आपण मनाला लावून घेऊ नये."

तिनं मनाला लावून घेतलं. सूचीच्या वरिष्ठ संपादकांकडे पुराव्यांसकट तक्रार केली. ज्यांची नावं उडवली होती, त्या सगळ्यांची बाजू मांडली. फक्त भावाचा विषय काढला नाही.

"अगं, सगळ्यात जास्त भरडला गेलाय तो," नवरा म्हणाला होता. "त्यालाच वगळतेस?"

"त्याचं नाव घातलं तर बाकीच्यांचं कुणी वाचणार नाही."

आणि आता हे. तिनं वरिष्ठांना तिथल्या तिथे लिहिलं. एरवी पंधरा-पंधरा दिवस गप्प बसणाऱ्या माणसानं या वेळी चहा गार व्हायच्या आत उत्तर दिलं. "तक्रारीचा लाभ आपल्या सख्ख्या भावाला होणार होता. ही गोष्ट आपण लपवलीत. यापुढे विभाग दुसरे संपादक एकटेच पाहतील."

"मी लपवलं? मी त्याला लांब ठेवलं म्हणून त्याचं दुकान बसलं, आणि मी लपवलं?" तिनं कीबोर्ड ढकलून दिला. "पण त्यांना कळलं कसं? माझं आडनाव वेगळं, त्याचं वेगळं. मी तर कुठं चकार शब्द काढला नाही."

तिनं सूची उघडली, आता बाहेरच्या कुणीही उघडावी तशी. शिलाई मशीनच्या विभागातून सगळे दुरुस्तीवाले साफ झाले होते. त्यांच्या जागी एकच नाव होतं, तेही सगळ्यात वर. तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव भावाचं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. कित्येक महिन्यांनी भाऊ दारात उभा होता, तोंडभर हसत.

"बघितलंस ना ताई? सकाळपासून तीन फोन आले! आणि ते शोरूमवाले, केवढा मोठा माणूस, पण बोलायला किती साधा! परवा त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, तुमच्या वेबसाइटला बाईंनी हात का लावला नाही? मी म्हटलं, सख्खी बहीण आहे माझी, नियमाला पक्की, म्हणून नाही लावला. खोटं कशाला बोलू? तर म्हणाले, हे आधी नाही का सांगायचं! आणि लगेच लावलं बघ."

ताई दार धरून उभी राहिली. भावानं चपला काढल्या, आत आला आणि प्रेमानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी उगाच चिडलो होतो तुझ्यावर. शेवटी तुझ्याच ओळखीनं काम झालं!"