रोज एक तास

चार वर्षं तारखा पडल्यावर न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. वृंदाने मुलीला, शाल्मलीला, घेऊन नॉर्वेला जायला हरकत नव्हती. मात्र शाल्मलीचे वडील रोज एक तास तिथल्या घरात यंत्रदेहातून भेटणार होते. पुण्यात बसून ते तो देह चालवणार, बोलणार, मुलीला जवळ घेणार.

"मॅडम, त्याला हात असतील?" वृंदाने विचारलं.

"असतील. पण मारायला उठले, तर आपोआप थांबतील."

"हिचे बाबा मारण्याआधी दाराला कडी लावायचे," वृंदा थकल्या आवाजात म्हणाली. "त्या आवाजानंच पोरगी कपडे ओले करायची."

न्यायाधीशबाईंनी अजून सही न केलेला निकाल पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी स्टेनोला यंत्रदेहाची अट खोडायला सांगितली.

"लिहा, भेट फक्त पडद्यावर. तीही मुलगी हो म्हणेल तेव्हाच."

वृंदा मटकन बाकावर बसली. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.