लख्ख आवाज

लेकीच्या घशातून मधूनच ‘हुक्’ असा आवाज निघायचा. खोकला म्हणावा तर खोकला नाही, उचकी म्हणावी तर उचकी नाही. “मुद्दाम करतेस ना गं?” असं आईबाप दोघंही तिला बोलून बोलून थकले, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांचे कान उपटले. “तिच्या हातात नाही ते. टोकू नका. येतोय तर येऊ द्या.”

बाप साउंड रेकॉर्डिस्ट. लोकांचे आवाज घासूनपुसून लख्ख करून द्यायचे, हाच त्याचा धंदा. त्या दिवसापासून त्याने टोकणं बंद केलं. लेक शाळेसाठी माइकसमोर गोष्ट वाचायला बसली, की हा हूं की चूं करायचा नाही. फक्त नंतर, गोष्ट शाळेत पाठवण्याआधी, एकटा बसून सगळे ‘हुक्’ कापून टाकायचा. ते मेले श्वासाला चिकटून यायचे, त्यामुळे श्वासही कापावा लागायचा.

एके दुपारी ती अनवाणी पायांनी मागे येऊन उभी राहिली. स्पीकरवर गोष्ट चालू होती.

“बाबा, ही कोण?”

“अगं वेडाबाई, तूच की!”

तिने नकारार्थी मान हलवली. बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “छान वाचते. हुक्. मी शाळेत गेले की येते का ती?”

बापाने स्पीकरकडे पाहिलं. तिथे ती मुलगी वाचतच होती, एकदाही श्वास न घेता.