सात वाजताचा आवाज

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता भिंतीवरच्या स्पीकरमधला आवाज नेहमीप्रमाणे म्हणाला, “शर्वाणी, जेवलीस का?”

“सातला कोण जेवतं? रोज तेच विचारतोस,” पोळी लाटता लाटता शर्वाणी म्हणाली. आवाज खोकला. “वा, आता खोकलाही भरला वाटतं तुझ्यात.”

“अगं, मीच बोलतोय.”

“सगळी यंत्रं असंच म्हणतात.”

ती सहा वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले आणि बाबा जहाजावरच्या नोकरीला निघून गेले. पोटगीच्या हुकमात पैशांबरोबर रोज अर्धा तास मुलीशी बोलणंही होतं. ते स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्या यंत्राकडून करून घ्यायची वडिलांना मुभा होती आणि बहुतेक वडील ती घेत. आपल्याही बाबांनी घेतली असणार, हे शर्वाणीने तेव्हाच धरून टाकलं. यंत्राला उलट काय विचारायचं, म्हणून तिने कधी काही विचारलं नाही.

बुधवारी सात वाजता भिंत गप्प राहिली. गुरुवारी मोफत कायदेमदत केंद्राच्या तांबोळीबाईंचा फोन आला. बाबा आदल्या दिवशी पहाटे गेले होते.

“यंत्र बंद करायला अर्ज करावा लागेल ना?” शर्वाणीने विचारलं.

“कसलं यंत्र, बाळ? त्यांनी ती मुभा नाकारली होती. तो कागद मीच लिहून दिला होता. आणि हुकूम तर तू अठराची झालीस तेव्हाच संपला.”

शर्वाणी आता एकतीस वर्षांची होती.

सात वाजता ती ताट वाढून घेऊन भिंतीसमोर बसली.

“बाबा, जेवतेय मी,” ती म्हणाली. “तुम्ही जेवलात का?”