कारण घरगुती

"लॉच्या अ‍ॅडमिशनला ना? मग गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. शिक्षण किती वर्षं बंद होतं?" तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्ट घोडकेकाकांनी शालनच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघणं टाळलं.

"चौदा. लग्नापासून."

"कारण घरगुती," म्हणत त्यांनी टाइप केलंसुद्धा.

सोमवारी कॉलेजचा फॉर्म नवऱ्याच्या हाती लागला, तेव्हा त्यानं तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार आपटलं होतं. दोनदा. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. त्याआधी उकळतं तेल होतं. त्याच्याही आधी, पाचव्या महिन्यात, पोटावर लाथ.

काका ठरलेला मजकूर मोठ्यानं म्हणत टाइप करू लागले. "सदर कालावधीत मी कोणत्याही गुन्ह्यात सहभागी नव्हते..."

"हे खोटं आहे," शालन म्हणाली. "घरात चौदा वर्षं गुन्हाच चालला होता. मी त्यात होते, मार खाणारी."

काकांची बोटं थांबली. त्यांनी मशीनमधला कागद ओढून काढला आणि कोरा चढवला. "तारखा आठवतात, पोरी?"

"सगळ्या. कार्बन लावा, काका. एक प्रत कॉलेजला, एक पोलीस ठाण्याला."