वाट विचारणारा प्रोग्राम

वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, मेंदूतली जुनी स्मृतिचिप काढून डॉक्टरांनी दुसऱ्या बनावटीची बसवली, तेव्हा चारुता धास्तावली होती. नव्या चिपची ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी. शेजारच्या खोलीतल्या बाईंचीही चिप अशीच बदललेली; आठवणी शाबूत होत्या, पण त्या शोधून आणणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक आठवणीचा पत्ता जुन्या चिपच्या धाटणीने पक्का ठोकलेला होता. नव्या चिपवर तो पत्ताच लागेना. बाई पोटच्या मुलाला "आपण कोण?" म्हणत होत्या.

भाऊंचा प्रोग्राम मात्र भाऊंनीच तरुणपणी लिहिलेला. चारुताने तो उघडला आणि बघतच राहिली. आख्ख्या प्रोग्राममध्ये एकही पत्ता ठोकलेला नव्हता. आठवणींच्या फाइली कुठे ठेवता, त्यांच्यापर्यंतची वाट कशी लिहिता, हे तो आधी त्या-त्या चिपलाच विचारायचा आणि मगच पुढे जायचा. काय माणूस आहे हा!

लहानपणी परगावी गेलं, की भाऊ नकाशा मिटून पहिल्या पानवाल्याला रस्ता विचारायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भाऊंनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं.

"सिस्टर, इथं चांगला चहा कुठं मिळतो हो?" मग ते चारुताकडे वळले. "आणि तू लाजू नकोस गं, चारू."