दोन गड्डे लसूण

सासूबाईंनी जावयाला स्वयंपाकघर दिलं, पण सुरी दिली नाही.

"बोथट आहे ती," त्या म्हणाल्या. धडधडीत खोटं. सकाळीच तिला धार लावून त्यांनी ती वरच्या फळीवर ठेवून दिली होती.

जावयाने पिशवीतून स्वतःची सुरी काढली. हातभर लांब, दोन बोटं रुंद. दुकानात सळईवर फिरणाऱ्या मांसाचे पापुद्रे काढायची सुरी. दिवसाचे बारा तास ती त्याच्या हातात असायची आणि म्हणूनच त्याची आठ वर्षांची मुलगी, आई गेल्यापासून, इथे आजीकडे होती. आता त्याने संध्याकाळची पाळी सोडली होती आणि तो मुलीला न्यायला आला होता. जेवण झालं की मुलीलाच विचारायचं, ती म्हणेल तसं करायचं, असं फोनवर ठरलं होतं. जेवायला काय हवं तेही मुलीनेच सांगितलं होतं. बाबांच्या दुकानातला शवर्मा, पण घरी केलेला.

"सळई कुठे लावणार? माझ्या डोक्यावर?" सासूबाई दारातून हलल्या नव्हत्या.

"घरी सळई लागत नाही."

"तुम्हाला काय, घरी काहीच लागत नाही."

कोंबडीच्या मांडीचे तुकडे त्याने कालपासून दह्यात आणि मसाल्यात मुरवून डब्यातून आणले होते. केकच्या लांबट भांड्यात ते एकावर एक रचले, तळहाताने घट्ट दाबले आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. तासाभराने मांसाचा ठोकळा सुटून ताटात आला. त्याने उभ्या सुरीने त्याचे कागदासारखे काप काढले आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर परतले. घरभर वास सुटला. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, आणि सासूबाईंना तेच सहन होत नव्हतं.

मग त्याने पांढऱ्या चटणीसाठी वाटीभर दही घेतलं आणि लसूण सोलायला बसला. एक गड्डा झाला. दुसरा घेतला. दुकानात पातेलंभर दह्यात गड्ड्यावर गड्डे पडतात. हाताला वाटी आणि पातेलं यातला फरक कळेना.

सासूबाईंना कळत होता. कच्च्या लसणाने नातीची जीभ सोलून निघते, हेही त्यांना ठाऊक होतं. झोंबणारा घास ती तोंडात ठेवत नाही, थुंकते, ताट ढकलते आणि मग दिवसभर त्या माणसाशी बोलत नाही. सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"मीठ देऊ का?" त्या म्हणाल्या.

जावयाने चमकून वर पाहिलं. दोन वर्षांत इतकं गोड त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. "द्या," तो म्हणाला, आणि सगळा लसूण वाटून दह्यात ढवळला.

मुलगी हात धुऊन टेबलाशी आली. सासूबाईंनी आधीच भरून ठेवलेला पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. जावयाने रोटीवर चटणी फासली, मांस पसरलं, काकडी टाकली, गुंडाळी करून कागदात बांधली आणि तंद्रीत विचारलं, "तिखट की साधा?"

"गिऱ्हाईक आहे का ती तुमचं?" सासूबाई म्हणाल्या.

त्याचे कान लाल झाले. "सवय आहे."

"तेच म्हणतेय मी. सवय दुकानाची आहे, मुलीची नाही."

"साधा," मुलगी घाईने म्हणाली आणि तिने मोठा घास घेतला.

सासूबाई वाट पाहत राहिल्या. मुलीचे डोळे भरले. नाक वाहायला लागलं. जावई टेबलावर हात टेकून पुढे वाकला होता.

"कसा झालाय?"

"छान."

"झोंबतंय का गं?"

"नाही." तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि पाण्याच्या पेल्याला तिने हातसुद्धा लावला नाही.

या पोरीला सासूबाईंनी मऊ भातासाठीसुद्धा तासतासभर विनवलं होतं. आणि हिने बापासाठी विस्तव गिळायला घेतला होता.

"पुरे. ठेव ते."

"मी संपवणारे," मुलगी म्हणाली. म्हणताना ती बापाकडे बघत होती.

आता कुठे जावयाने बोट बुडवून चटणी चाखली. त्याचा चेहरा उतरला. तो सासूबाईंकडे वळला.

"तुम्ही इथेच उभ्या होतात."

"होते."

"आणि बोलला नाहीत."

"नाही बोलले."

भांडायची तयारी त्याने घरून करून आणली होती, कबुलीची नव्हती. सासूबाईंनी नातीच्या हातातली गुंडाळी काढून घेतली, तिचं नाक पदराने पुसलं आणि लहान पातेलीत दूध घेऊन गॅस पेटवला. लसणाच्या चार पाकळ्या सोलल्या. जावई होता तिथेच उभा होता.

"खांबासारखे उभे काय राहिलात? इकडे या," त्या मागे न बघता खेकसल्या. "चार पाकळ्या. जास्त नाहीत. दुधात शिजवायच्या, बोटाने दाबल्या की दबल्या पाहिजेत. मग दह्यात घालायच्या. नीट बघून घ्या. तिथे सांगायला मी नसणार."